कोळशाची रेघ

सर्व्हरवरचा एक प्रोग्राम सारखा बंद पडत होता. हातातलं काम मांडायला प्रत्येक प्रोग्रामला मेमरीत थोडी जागा मिळते, तिला स्टॅक म्हणतात. याला ती पुरत नव्हती.

"कर्नलमधली स्टॅकची मर्यादाच काढून टाक ना," सहकारी फोनवर म्हणाली. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा; कोणाला किती मेमरी द्यायची ते तोच ठरवतो.

"मग हा एकटाच सगळी मेमरी खाईल," मी म्हणालो. तेवढ्यात खाली मस्तगडच्या गल्लीत गादीवाला कापूस पिंजू लागला, आणि त्याचा कोरडा वास खिडकीतून आत आला.

लहानपणी केदारखेड्याच्या आमच्या घरात चांगला भाव येईपर्यंत कापूस खोलीतच भरलेला असायचा. एका साली आईनं सारवलेल्या जमिनीवर कोळशानं रेघ ओढली. "याच्या पुढं कापूस न्हाई. पोरं कुठं निजतील?"

मला भारी राग आला. उड्या मारायला छतापर्यंत ढीग हवा होता मला. बाबा शेवटचं गाठोडं घेऊन रेघेपाशी थांबले, हसले आणि ते त्यांनी स्वतःच्या बाजेवर ठेवलं. "मंग मी निजतो अंगणात," म्हणत त्यांनी घोंगडी उचलली.

स्टॅकची मर्यादा मी जराशी वाढवली, पण ठेवली. रेघेच्या अलीकडं, कापसाला पाठ लावून, त्या हिवाळ्यात किती उबेत झोपलो होतो मी!