वाऱ्यातली गुढी

कॅनडातला आमचा पहिला पाडवा. गॅलरीच्या कठड्यावर अजून बर्फ होता आणि वारा इतका, की मी बांधलेली गुढी दोनदा आडवी झाली.

"आत उभी कर ना, इथे कोण बघतंय?" नवरा म्हणाला.

आज आत नेली, तर पुढच्या वर्षी उभारायचीच राहून जाईल, असं मला वाटलं. बधिर बोटांनी मी पुन्हा गाठ मारू लागले.

शेजारच्या गॅलरीतली म्हातारी बाई हे पाहत होती. ती दोरी घेऊन आमच्या दारात आली. तिने काठी घट्ट धरली, मी बांधली.

"ही काय करते?" तिने विचारलं.

"काही नाही. नुसती उभी राहते."

"या वाऱ्यात? ते काही थोडं नाही," ती म्हणाली.