टिटवीचा देव

आमच्या सावळा धनगराला गावात आता मेंढरांवरून कुणी ओळखत नाही. देव उठवणारा माणूस म्हणून ओळखतात. हसू नका, मी तिथं होतो.

उन्हाळ्यात मुळशी धरणाचं पाणी खाली सरकलं की आमच्या शेताखाली गोट्या-वाळूचा लांबलचक काठ उघडा पडतो. पूर्वी तिथं सावळाची मेंढरं तेवढी हिंडायची. आता माझ्या नातवानं, सूरजनं, वरच्या अंगाला तंबू टाकलेत. सुट्टीला हिंजवडीकडची पोरंपोरी येतात, डुंबतात, गाड्या थेट पाण्यापर्यंत घालतात. त्यांना तरी काय बोलणार? आठवडाभर काचेआड बसलेला माणूस पाणी दिसलं की सुटतोच.

पण त्याच गोट्यांत टिटवी अंडी घालते. घरटं कसलं, चार खडे बाजूला सारले की झालं. मेंढरं हाकताना ती अंडी तुडवू द्यायची नाहीत, ही सावळाच्या बापापासूनची रीत.

गेल्या वैशाखात सावळा सूरजपुढं येऊन उभा राहिला.

"सूरजशेठ, गाड्या वर लावा. खाली टिटवी बसलीय."

"मामा, लोकं पाण्यासाठीच येतात. अडवलं तर दुसरीकडं जातील. मग तंबू काय तुमच्या मेंढरांना देऊ?"

"द्या की. ती गाणी तरी वाजवत न्हाईत."

दोघंही हट्टी. शेवटी सावळानं डोकं लढवलं. सकाळी अंड्यांच्या भोवती गोटे रोवले आणि त्यांना शेंदूर फासला. देवावरनं गाडी कोण घालतंय?

गाडी कुणी घातली नाही, हे खरं. पण रविवारी बघतो तर काय, चपला काढून लोकांची रांग! कुणी उदबत्ती खोचतंय, एका बाईनं तर नारळ फोडला. खोबऱ्यावर कावळे उतरले. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालतेय, अंडी उन्हात उघडी. सावळा घोंगडी फिरवत धावेपर्यंत एक अंडं कावळ्यानं फोडलंच.

"उपट ते गोटे," मी म्हणालो.

त्याचा हात पुढं होईना. "आबा, शेंदूर चढला. देव हाय आता त्यो."

"अरे, तूच चढवलास ना?"

"चढवला मी. पन उपटू कसा?"

घामानं निथळत उभा होता बिचारा. टिटवी ओरडतच होती. तेवढ्यात त्याची बायको अंबाबाई आली.

"आवं, रानोरान फिरताना आपला देव टोपलीत घालून नेत व्हतासा न्हवं? मग ह्याला काय मुळ्या फुटल्यात? भंडारा उधळा, इचारा त्याला, अन् चला!"

सावळानं हळद उधळली, हात जोडून काहीतरी पुटपुटला आणि गोटे टोपलीत घेतले. टोपली डोक्यावर, मागं पोहायच्या कपड्यांतली ती सगळी माणसं, आणि सूरज पाण्याचा रिकामा डबा बडवतोय! अशी मिरवणूक मी जन्मात पाहिली नव्हती. वर जांभळाखाली देव बसला.

सूरज माझाच नातू, संधी सोडतोय होय? "गाड्या हितंच देवापाशी लावायच्या. पाण्याकडं पायी जायचं," असं तिथल्या तिथं सांगून मोकळा. कुणी कुरकुरलं नाही.

खाली सावळानं आपली वाघर, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी, अंड्यांभोवती लांबून लावली. एका बाजूनं पोहणाऱ्यांना पाण्याची वाट मोकळी ठेवली. टिटवी कितीतरी वेळ आली नाही. सावळा जेवायलाही उठला नाही. मग ती आली, इकडंतिकडं बघितलं आणि बसली.

पिल्लं निघाली तेव्हा डुंबायला आलेली माणसं जाळीबाहेर कुजबुजत उभी होती.

यंदा टिटवीनं जागा बदलली. बरोबर पोहणाऱ्यांच्या वाटेवर. सकाळीच सावळा वाघर खांद्यावर टाकून दारात हजर.

सूरजनं खुंट्या उचलल्या. "मामा, तिला जरा बाजूला बसायला सांगा की."

"सांगतो. तू आधी तुझ्या लोकांस्नी सांग."