बुर्गीची मुकी बाटली

"काच फुटत नाही रे, तुमची हौस फुटते," असं बुर्गी एकदा म्हणाली होती. भट्टीघरात, भर रांगेत.

जर्मनीच्या फ्रँकन भागातल्या आमच्या गावाचं भट्टीघर एकच. तिथं बिअरसाठी जवाचा गोड रस सगळ्यांचा मिळून उकळतो. निवला की जो तो आपला वाटा पाठीवरच्या लाकडी बादलीतून घरी नेतो, तळघरात आंबवतो आणि तारेच्या खटक्याच्या मोठ्या बाटल्यांत भरतो. जत्रेच्या सकाळी प्रत्येक घर पहिली बाटली उंबऱ्यावर उघडतं, आणि कोंडलेल्या वायूचा बंदुकीसारखा बार होतो. ज्याचा बार मोठा, त्याचं घर मोठं.

बुर्गीच्या बाटलीचा बार कधी झाला नाही. नुसता सुस्कारा. जिभेवर गोडवा उरला असेल तोवर ती बाटली भरत नसे. मग साखर तराजूवर तोलून घाली, गळ्याशी बोटभर जागा सोडी, झाकणाची रबरी कडी दरवर्षी नवी. नवरा गेल्यावर घरात बाकी सगळं त्याच्याच नावानं चालायचं. बिअर तेवढी तिची होती. गाव तिला 'मुकी बाटली' म्हणे.

यंदा तिचा दीर गांगोल्फ यानं मोठ्या बारासाठी रस पुरता आंबायच्या आतच बाटल्या भरल्या, वर मूठभर साखर. तळघरात एक फुटली, तिच्या काचांनी शेजारच्याही फोडल्या. त्याच्या हाताला टाके पडले. भट्टीघराच्या मंडळानं ठरवलं, यापुढे काच बंद. पोलादी पिंप असेल त्यालाच रस.

बुर्गी आली ती पाठीवर बादली, हातात भरलेली बाटली घेऊन. भट्टीवाला कास्पर तोटीवर हात ठेवून उभा होता.

"वहिनी, पिंप कुठंय?"

"नाही. काच आहे."

"काच बंद झाली."

"आणि बार? तो नाही बंद केलात?"

रांगेतून कुणीतरी खिंकाळलं, "तुझा तसाही बंदच आहे!"

"म्हणून माझी बोटं शाबूत आहेत." ती वळली. "गांगोल्फ, तू सांग. काचेनं कापलं का जत्रेनं?"

त्यानं पट्टीतला हात खिशात सारला. "जाऊ दे ना वहिनी."

काच फुटत नाही, हौस फुटते, हे ती तेव्हा म्हणाली.

"नियम तो नियम," कास्पर म्हणाला. "थेंब मिळायचा नाही."

"बरं. मग ही धर."

तिनं बाटली त्याच्या छातीशी टेकवली. त्यानं तोटी सोडून ती दोन्ही हातांनी धरली. रांग भिंतीपर्यंत मागे सरली.

"वहिनी, घे ही! अगं, घे!"

"हलू नकोस. तुमच्या मते बाँब आहे ना ती?"

कास्परनं हनुवटी वर करून डोळे मिटले. बुर्गीनं बादली खाली ठेवली, तोटी उघडली. रस पडत राहिला. बाटली गप्प होती. आपला वाटा भरताच तिनं तोटी बंद केली. गांगोल्फ पुढे झाला, त्यानं चांगल्या हातानं बादली तिच्या पाठीवर चढवायला आधार दिला.

बाटली कास्परकडेच राहिली. बुर्गीनं पट्टे आवळले आणि त्याच्या अंगावरून ती बाहेर पडली.