न धुतलेले टँकर

ज्या माणसाने चोरीची खबर आणली, त्यालाच मी तीन दिवस ठाण्यात अडकवून ठेवलं. नोकरीत मूर्खपणा बराच केला आणि त्यातला बराचसा मित्रांना सांगून हशाही मिळवला. ही गोष्ट मात्र हसत सांगता येत नाही, आणि इतकी वर्षं झाली तरी डोळ्यांसमोरून हलतही नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी उज्जैनला टी. आय., म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. हद्द नानाखेड्यापासून पुढे इंदूर रस्त्यावरच्या खेड्यांपर्यंत. त्याआधी काही वर्षं रेल्वे यार्डाला लागून असलेल्या ठाण्यात काढली होती. तेव्हा तेल मालगाडीने यायचं. तेलाच्या टाक्यांच्या वाघिणी सायडिंगला लागल्या की एखादीच्या व्हॉल्व्हखाली थेंब गळायचा, आणि त्या थेंबाखाली कुणाचा ना कुणाचा डबा असायचाच. कधी सील तुटलेलं सापडायचं. चोर पकडणं सोपं होतं. भरलेला डबा घेऊन माणूस फार जोरात पळू शकत नाही. मीही पळू शकत नसे, त्यामुळे आमची बरोबरी व्हायची.

मग शेतांखालून पाइपलाइन आली आणि यार्डातली तेलाची वर्दळ आटली. एका बैठकीत मी रुबाबात म्हणालो, "आता चोराला तेल हवं असेल तर त्याला जमीन खणावी लागेल." सगळे हसले. माझी ही सूचना कुणीतरी मनावर घेतली असेल, असं मला वाटलं नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी पन्नाशीचा एक माणूस ठाण्यात आला. खांद्याला झोळी, हातात काठी, पायात झिजलेले कॅनव्हासचे बूट. तो पाइपलाइनचा लाइनवॉकर होता. रोज ठरलेला टापू पायी चालायचा, कुणी खणलंय का, माती हललीय का, पीक कुठे पिवळं पडलंय का, हे बघायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या कंत्राटदाराला सांगून झालं होतं. त्याने मनावर घेतलं नाही, म्हणून तो आमच्याकडे आला होता.

"साब, वो ट्रक धोने का सेंटर है ना, उसके पीछे जमीन नरम है. बास भी आती है."

मी म्हणालो, "अरे, गाड्या धुतात तिथे. जमीन नरम नाही तर काय कडक असणार?"

ते वॉशिंग सेंटर मला चांगलं माहीत होतं. आमची जीप दर आठवड्याला तिथे धुतली जायची, आणि मालक पैसे घेत नसे. दिवाणजींनी, म्हणजे माझ्या हेड कॉन्स्टेबलने, हळूच खोकून दाखवलं. त्यांच्या खोकल्याला नेहमी काहीतरी अर्थ असायचा. मी त्यांना गोळी घ्यायला सांगितलं.

तेवढ्यात मला त्या माणसाचा चेहरा आठवला. यार्डात वाघिणींचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या मजुरांत हा होता. गळणाऱ्या तेलाचा डबा घेऊन जाताना मीच एकदा त्याला धरलं होतं. झालं! माझं डोकं भरधाव सुटलं. रेल्वेचं काम गेलं, पाइपलाइनवर राग आहे, व्हॉल्व्हची माहिती आहे, आणि आता स्वतःवरचा संशय टाळायला खबऱ्या बनून आलाय. मी त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं. कायद्याप्रमाणे अटक दाखवून चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करायला हवं होतं. मी रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या डायरीत, रोज नव्याने लिहिलं, "चौकशीकामी हजर."

चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला. त्याच्या वस्तीचं नाही, घरचं नाही, सुटकेचंही नाही.

"मुझे बिठा के रखो साब. पर उधर ढलान है. नाले के पार एक कुआँ है. उनको बोल दो कि पानी ना निकालें, आग ना जलाएँ."

"विहिरीचं नंतर बघू. तुझे साथीदार कोण ते सांग."

"मेरे बाद उस टापू में कौन चल रहा है, साब?"

कुणीच चालत नव्हतं. लाइनवर नजर ठेवणारा एकमेव माणूस माझ्या बाकावर बसला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिडून मी विचारलं, "त्या सेंटरवर तुझा एवढा राग का? तिथे दिवसभर टँकर धुवायला येतात, मी स्वतः पाहिलंय."

तो शांतपणे म्हणाला, "आते हुए देखे हैं. जाते हुए देखे? जैसे धूल में आते हैं, वैसे ही धूल में जाते हैं. आपकी जीप छोड़ के वहाँ कुछ नहीं धुलता."

दिवाणजी या वेळी खोकले नाहीत. सरळ उठून त्यांनी टोपी घातली.

आम्ही साधे कपडे चढवून सेंटरसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. सकाळचे दहा वाजले होते. एक टँकर आला, पत्र्याच्या आडोशामागे गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर पडला. मागच्या बाजूला धुळीत कुणीतरी बोटाने काढलेलं त्रिशूळ जसंच्या तसं होतं. मी माणसं बोलावली आणि आत शिरलो. मालक हात जोडून पुढे आला. "आइए साब, जीप कहाँ है?" माझ्या हाताखालच्या शिपायांसमोर त्याने हे विचारलं. ते वाक्य पंचनाम्यात घ्यायचं की नाही, असं दिवाणजींनी मला नंतर गंभीर चेहऱ्याने विचारलं.

गाड्या चढवायच्या कट्ट्याखाली खड्डा होता. खड्ड्यात कंपनीच्या पाइपला जोडलेली नळी आणि व्हॉल्व्ह. वेल्डिंग कच्चं होतं, सांध्यातून झिरपत होतं. एकाच पाइपातून कधी डिझेल जातं, कधी पेट्रोल. त्या दिवसांत पेट्रोल चाललं होतं. मालकासह चौघे सापडले. गुन्हा उघडकीला आला होता आणि मी छाती फुगवून उभा होतो.

लाइनवॉकरला जागा दाखवायला सोबत आणलं होतं. त्याने खड्ड्याकडे एकदाच पाहिलं आणि नाल्याच्या दिशेने धावत सुटला. आम्ही मागे.

विहिरीवरच्या घरातून आरडाओरडा ऐकू येत होता. दोन दिवसांपासून पाण्याला वास येत होता. घरच्यांना वाटलं, विहिरीवरचं पाणी उपसायचं इंजिन गळतंय. प्यायला पाणी दुसरीकडून आणलं, पण भांडी घासायला काय हरकत, म्हणून घरातल्या बाईने विहिरीतून बादली काढून चुलीपाशी ठेवली. आम्ही पोहोचायच्या काही मिनिटं आधी भडका उडाला होता. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. तिचा नवरा घाबरून विहिरीवरून आणखी पाणी आणायला निघाला होता. लाइनवॉकरने त्याला मिठी मारून अडवलं, चुलीवर आणि पेटत्या गोधडीवर माती टाकली, वस्तीतल्या सगळ्या चुली विझवायला लावल्या. तिला मी माझी जीप बोलावून इस्पितळात नेलं. रस्ताभर ती रडली नाही. फक्त विचारत होती, आता पोळ्या कोण लाटणार.

ती वाचली. बोटं मात्र पूर्ण मिटेनाशी झाली.

तपासाबद्दल माझ्या सेवापुस्तकात प्रशंसेची नोंद झाली. रोजनामच्यातल्या त्या तीन ओळींबद्दल कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आज सांगतोय.

रेल्वे बरी की पाइपलाइन, हे इंजिनिअरांनी ठरवावं. पाइपलाइन स्वस्त आणि सुरक्षित असते, असं ते सांगतात, आणि मला ते पटतंही. वाघिणी घसरून पेटल्याचंही मी ऐकलं आहे. पण वाघिणीभोवती गार्ड, पॉइंट्समन, हमाल, चहावाले, भुरटे चोर, सगळ्यांचे डोळे असतात. गळलं तर दिसतं. जमिनीखालचं तेल गुपचूप वाहतं. त्याच्यावर फक्त वरून चालणाऱ्या एका माणसाचे डोळे असतात. मी ते डोळे बंद केले होते, कारण त्या माणसाचा जुना डबा मला आठवत होता आणि मला मिंधा करणारी मालकाची फुकट सेवा दिसत नव्हती. पोलिसाची स्मरणशक्ती चांगली असते म्हणतात. माझी होती, पण फक्त गरिबांच्या बाबतीत.

आठवडाभराने मी त्या टापूत गेलो. तो नेहमीसारखा काठी टेकत चालला होता. मी जीपमधून उतरलो, टोपी काढली आणि चुकलो म्हणालो. वरिष्ठांपुढेही कधी इतकं सरळ म्हटलं नव्हतं. काम सोडणार तर नाहीस ना, असं मी विचारलं.

"नहीं साब, चलूँगा," तो म्हणाला. "पर अब कुछ दिखा तो सीधे गाँव में बोलूँगा. आपके थाने में बोलो तो तीन दिन लग जाते हैं."