चौथ्या रांगेपर्यंत फेस

उद्या सकाळी लेक बादलीत डबे ठेवेल आणि त्याआधी कोपर बुडवून पाणी बघेल, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

ती मुलांसाठी विनोदी खेळ करणाऱ्या मंडळीत आहे. धडपडायचं, आपटायचं, तोंडं माखून घ्यायची, असे खेळ. त्यात न्हाव्याचा एक प्रवेश आहे. न्हावी दाढीचा फेस गिऱ्हाइकाला लावायला जातो आणि तो उडतो प्रेक्षकांवर. पण डब्यातला फेस मुळात आळशी. बटण दाबलं की तळहातावर बसकण मारतो. त्याला पळवायचं काम माझ्या लेकीचं. तोंडाला बारीक नळी लावून तिने तो पहिल्या रांगेपर्यंत नेला, डबे कोमट पाण्यात ठेवून दुसऱ्या. डब्यावर तर ‘उष्णतेपासून दूर ठेवा, डबा फुटू शकतो’ असं ठसठशीत छापलंय. मी कुरकुरले तेव्हा कोपर पुढे करून म्हणाली, “कोमटच असतं गं. हे बघ, तुझं थर्मामीटर.” बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, हे तिला मीच शिकवलं होतं.

यापुढे मी बोलायचं नाही असं ठरलंय. मागे ती पडदे बांधायला उंच शिडीवर चढते म्हणून मी परस्पर मास्तरांना फोन केला. मास्तर म्हणजे मंडळीतले सगळ्यात जुने नट, तेच न्हावी होतात. त्यांनी तिला शिडीवरून उतरवलं आणि ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही.

आज तालीम बघायला गेले होते. सभागृह नवीन, मोठं आणि गारठलेलं. फेस दुसऱ्या रांगेच्या अलीकडेच पडला.

“चिमणे, तुझा फेस दमला गं,” मास्तर म्हणाले. “मागची पोरं काय घड्याळ बघत बसणार?”

“थांबा हो आजोबा, चहा पाजते त्याला.” तिने बादलीत गरम पाण्याची किटली ओतली, कोपर बुडवलं, “बरोबर आहे” म्हणाली आणि डबे सोडले. या वेळी फेस थेट चौथ्या रांगेत, माझ्या चष्म्यावर. सगळ्यात जास्त मीच हसले.

घरी येऊन रबरी हातमोजे घालून भांडी घासत होते. एक मोजा काढून बोट गरम पाण्याच्या नळाखाली धरलं आणि चटका बसून मागे घेतलं. इतका वेळ काहीच जाणवलं नव्हतं. मग आठवलं. फेसाने कातडी सोलवटते म्हणून लेक हल्ली दंडापर्यंत पिवळे मोजे घालते. मघाशी बुडवलं ते कोपर मोज्यातलं होतं.

उद्या सभागृह भरलेलं असेल. ती दोन किटल्या ओतेल. आणि मास्तर डबा कानाशी धरून खुळखुळवतात, त्यावर पोरं हसतात.

मास्तरांना सांगितलं तर ते लगेच ऐकतील. पण ते पुन्हा तिच्या पाठीमागून होईल. तिलाच सांगायला हवं. “आई, परत?” म्हणेल. म्हणू दे. पुन्हा दोन महिने अबोला धरला तरी चालेल. दोन्ही डोळे धड ठेवून धरावा. नुसतं नको म्हटलं तर ती ऐकायची नाही, म्हणून उपायही शोधलाय: पाणी नकोच. मागच्या पोरांना पुढे आणून जमिनीवर बसव. फेस जिथवर जातो, तिथवर पोरं येतील.

अकरा वाजून गेलेत. ती जागी असेल, नळ्या धूत. करतेच फोन.