धर्माजीचा वीतभर गाळ

खोडदच्या धर्माजीचा लोखंडावर विश्वास नव्हता. माणसांवरही बेताचाच होता. पण माणसाला निदान तोंडावर विचारता येतं. लोखंड एकदा मातीत शिरलं की खाली काय करतं ते कुणाला दिसतं?

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या ताटल्यांकडे चढत जाणारं त्याचं रान मूळचं निव्वळ मुरूम. येडगाव धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं हटलं की तो आणि त्याची बायको प्रयागबाई तळातला गाळ ट्रॉलीनं आणून तिथं पसरत. नव्वद सालानंतरचे कितीतरी उन्हाळे त्या कामात गेले. मुरमावर वीतभर काळी माती झाली आणि तिच्यात हरभरा डुलू लागला. मग एका वर्षी भाड्याच्या नांगरानं एका कोपऱ्यातला मुरूम वर काढला. तो कोपरा पिवळा पडला तो पडलाच. सगळं रान तसं झालं तर दोघांचं आयुष्य मातीत गेलं म्हणायचं.

दोन हजार चार साली बैल थकले. मुलानं, गोरखनं, जुना ट्रॅक्टर आणला. आता त्याच्यामागं काय जोडायचं?

आधी एका दुकानदारानं रानात रोटाव्हेटर चालवून दाखवला. मातीचं पीठ झालं. धर्माजीनं मूठभर उचलून फुंकर मारली, ती त्याच्याच डोळ्यांत गेली.

"हे वाऱ्यावर जायला किती दिस लागत्याल, पावणं?" त्यानं डोळे चोळत विचारलं. पाव्हण्यानं यंत्र परत नेलं.

मग जुन्नरच्या राजमहंमद लोहाराला निरोप गेला. त्यानं ट्रॅक्टरसाठी मोठा कुळव केला होता. त्याचं आडवं पातं चार बोटं खालून तण कापत जाई, माती उलटत नसे.

"चार बोटं म्हणतो, पर बोटं कुनाची?" धर्माजी पुटपुटला.

राजमहंमद यायच्या आदल्या दिवशी, घरची सगळी जेवायला बसली असताना, धर्माजी रानात गेला. बांधाजवळ लांबट चर खणला, सहा बोटांवर चुन्याची रेघ ओढली, वर माती लोटून सारखी केली. चुना वर आला तर लोखंड खोटं.

दुसऱ्या दिवशी कुळव जोडून राजमहंमदनं ट्रॅक्टर काढला. बांधाजवळ पातं पोचलं आणि मागं पांढरं पसरलं.

"थांबीव!" धर्माजी ओरडला. "चोर सापडला! सहा बोटं गेलंय, सहा!"

राजमहंमद उतरला, चुना बोटावर घेऊन बघत राहिला. "भाऊ, हितं कुनी घर बांधतंय व्हय?"

प्रयागबाईच्या सगळं ध्यानात आलं. तिला हसू आवरेना. "अवो, उकरलेल्या भुईत कोंबडी चालली तरी तिचा पाय रुततो. तुमीच पोकळ केलीत, मग लोखंड बुडंल न्हाई तर काय!"

गोरख मान वळवून हसू लागला. खुरपं घेऊन धर्माजी चर न खणलेल्या, पण कुळव फिरलेल्या तासात बसला. भुसभुशीत माती हातानं बाजूला केली. खाली घट्ट, काळा, हात न लागलेला गाळ होता. बोटं लावून पाहिली. चार. पुढं सरकला, पुन्हा चार. शेवटपर्यंत तो असाच सरकत गेला आणि गुडघे झटकत उठला.

"घेतो," तो म्हणाला. "पर कुळवाच्या बाजूच्या ह्या चाकाला बोल्ट कशाला?"

"खोली कमीजास्त करायला. चाक वर घेतलं की पातं आनखी खाली जातं."

धर्माजीनं गोरखकडं पाहिलं. पोरगं घाईचं. त्याची नजर आधीच बोल्टावर होती.

"बोल्ट काढ. चाक आत्ता हाय तितंच वेल्डिंग मारून टाक."

"आबा, लई झालं तुमचं!" गोरख वैतागला. "माज्यावर बी इस्वास न्हाई?"

"हाय की," धर्माजी म्हणाला. "म्हनून तर ट्रॅक्टर तुज्या हातात दिलाय."

राजमहंमदनं कुळव जुन्नरला नेला आणि चाक पक्कं करून आणला. धर्माजीनं वेल्डिंगवर दगडानं दोनदा ठोकून पाहिलं. मग गोरखला म्हणाला, "चल, लाव."