विमलताईंचे तीन प्रश्न

नांदगावात विमलताईंचं औषधाचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक परतवून लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा बायकोसाठी गर्भनिरोधक गोळ्या मागायला आला की म्हणायच्या, "जिच्या पोटात जाणार तिला आणा. डॉक्टरची चिठ्ठीपण आणा." बायको आली की तिला प्रश्न : डोकं फार दुखतं का? पायाला सूज येते का? घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का? लोक वैतागून समोरच्या दुकानात जात.

माझ्या सासूबाईही गेल्या. घरी सत्यनारायण होता आणि माझी पाळी नेमकी त्याच दिवसांत येणार होती, म्हणून त्यांना ती पुढे ढकलायच्या गोळ्या हव्या होत्या. विमलताईंनी त्यांना सांगितलं, "मावशी, पाळी नका ढकलू, पूजा ढकला. देव कुठं पळून जात नाय." सासूबाई तणतणत बाहेर पडल्या. समोरच्याने चिठ्ठी न मागता त्याच गोळ्या दिल्या. माझी आई रक्ताच्या गाठीनेच गेली होती. पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही मुकाट्याने गिळल्या.

पूजेच्या दिवशी डाव्या पोटरीत कळा येत होत्या. कामाने दुखत असेल, म्हणून मी प्रसाद वाटत राहिले. विमलताई भांडण विसरून प्रसादाला आल्या होत्या. मी लंगडतेय हे बघून त्यांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि भर माणसांत साडी वर करून पोटरी पाहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गोळ्या खाल्ल्या ना?"

मी मान हलवली.

"जीप बोलवा. आत्ता!"

नाशिकच्या डॉक्टरांनी गाठच सांगितली. ताईंच्या त्या आगाऊपणामुळे मी वाचले.

मी घरी आल्यावर त्या कागद घेऊन आल्या. "चिठ्ठीबिगर ह्या गोळ्या विकणं गुन्हा हाय. तक्रार लिहिलीय. सही कर."

"घरातलं चव्हाट्यावर कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, ही वाचली. उद्या दुसरीची सून नाय वाचायची."

समोरचा दुकानदार आमच्या ह्यांचा मित्र. तरी मी सही केली. चौकशी झाली, ते दुकान काही दिवस बंद राहिलं. मग कितीतरी जण विमलताईंकडे फिरकेनासे झाले. त्या मात्र रोज नऊला शटर वर करायच्या आणि तेच तीन प्रश्न विचारायच्या.

बऱ्याच वर्षांनी त्या गेल्या. मी खूप रडले. त्याच साली धाकट्या दिराचं लग्न झालं. पूजेच्या तोंडावर नव्या जावेने दबक्या आवाजात अडचण सांगितली. माहेरून आणलेलं गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात होतं. सासूबाईंनी ते काढून घेतलं आणि भटजींना फोन लावला.

"पूजा पुढच्या गुरुवारी करू. देव कुठं पळून जात नाय."